बिनचेहऱ्याच्या बायका

अप्पा, तुमच्या मिरजेच्या चित्रांच्या दुकानातली रंगवलेली धडं मला इथं वॉलॉंगॉंगच्या युनिव्हर्सिटीमध्ये उपयोगी पडली, हे ऐकून तुम्ही पोट धरून हसला असतात. तुम्ही गेल्यावर मी ऑस्ट्रेलियाला आले, सगळी पोरं लोंढ्यानं इकडे येत होती तेव्हाच. इथं भाड्याच्या घरात आम्ही पाच जणी, बाकी चौघी अकाउंटिंगच्या. मी जुन्या अमेरिकन चित्रकारांवर संशोधन करणार म्हटल्यावर चौघींनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं, मग अमेरिकेलाच जायचंस ना! ह्याच्यावर इथं कायमचं राहायला पीआर कोण देणार तुला?" मी म्हटलं, बघू. हट्ट कुणाकडून आलाय ते तुम्हाला माहीतच आहे.

हे चित्रकार अगदी तुमच्याच पंथातले. बरेचसे स्वतःच शिकलेले, गाडीत रंग टाकून गावोगाव हिंडायचे आणि दुकानदारांची, शेतकऱ्यांची, त्यांच्या बायकांची चित्रं काढायचे. कित्येक चित्रांवर सही नाही, आणि समोर बसलेली बाई कोण तेही कुणाला ठाऊक नाही. मी भिंग घेऊन त्यांच्या लेसच्या कॉलरी बघत बसते. ही कोण असेल? बसून बसून पाठ धरली असेल का हिची? त्या चित्रकारांची एक गोष्ट सांगतात, की हिवाळ्यात ते घरी नुसती धडं रंगवून ठेवायचे आणि उन्हाळ्यात गिऱ्हाईक मिळालं की वर चेहरा बसवायचे. आमच्या बाई म्हणाल्या, "गोष्ट छान आहे, पण पुरावा नाही. असं कोण करेल?" मी ताडकन म्हटलं, "माझे वडील!" सगळा वर्ग वळून बघायला लागला. मग सांगितलं. पावसाळ्यात तुम्ही कोट-फेट्याची आणि काठपदराची धडं करून भिंतीला टेकवून ठेवायचात, कुणाकडे माणूस गेलं की फोटो यायचा, आणि तेराव्याच्या आत तुम्ही चेहरा भरून द्यायचात. बाईंना तर काय विचारू न काय नको असं झालं. शेजारच्या पोरानं सहज विचारलं, "आणि तुझ्या घरच्यांची चित्रं?"

आई गेली तेव्हा मी पाळण्यात होते. माझ्याकडे आई म्हणून आहे ते तुमच्या गल्ल्यामागचं चित्र, तेवढंच. म्हणजे तीही तयार धडावरची की काय? घरी आल्या आल्या आत्याला फोन लावला.

"कसलं धड? खुळी हैस का तू?" आत्या उखडलीच. "तिच्यासाठी कोरा कॅनव्हास आणला हुता त्यानं. पर डोळं जमंनात. फोटो लग्नातला एकच, त्यात मुंडावळ्या आणि मान खाली. वर्षं गेली, चित्र तसंच. शेवटी तुला बसवलं की स्टुलावर."

स्टूल मला आठवतंय, अप्पा. मी परकर-पोलक्यात बसलेय, टर्पेंटाइनच्या वासानं डोकं चढलंय, आणि तुम्ही खेकसताय, "हलू नकोस, माझ्याकडे बघ!" मला वाटलं, माझंच चित्र काढताय. काय मिरवलं होतं मी शाळेत! नंतर विचारलं, माझं चित्र कुठाय, तर तुम्ही ब्रश पुसत म्हणालात, "फसलं." मी दोन दिवस बोलले नाही तुमच्याशी.

आणि दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक गल्ल्यामागच्या त्या चित्राकडे बघून म्हणायचं, पोरीचे डोळे अगदी आईचे. तुम्ही मान डोलवायचात. तुम्ही मला बसवलंत ते माझे डोळे खरंच तिच्यासारखे होते म्हणून, की घरात दुसरं कुणी नव्हतं म्हणून? हे सांगू शकेल अशी आता एकटी आत्या उरलीय. ती फोनवरच होती, "आणि काय विचारायचंय?" असंही म्हणाली.

दिवसभर मी परक्या बायकांचे डोळे भिंगाखाली धरून बसते, पण आत्याला मी मिरजेत पाऊस आहे का, एवढंच विचारलं.