शिंगरू मागे ठेवून आलेली घोडी

माय, मध्यंतरी मी तुझी मालिका खेळले. पाहिली नव्हे, खेळले. आता तसंही करता येतं. तुझी नात बारावी झाली, जूनमध्ये नांदेडला कॉलेजात जाईल. सध्या सुट्टी, त्यामुळे मोबाइल हातातून सुटत नाही. तीच सांगत आली, ‘आई, तू सारखी सांगतेस ना, ती घोडेस्वाराची जुनी सिरियल, तिचा गेम आलाय.’ मी पोळ्या लाटत होते. पिठाचे हात तसेच बाजूला धरून तिच्या मोबाइलमध्ये डोकावले. एक स्वार, पाठीला पेटी, समोर डोंगर. तव्यावरची पोळी करपली तरी मी हलले नाही. कारण जगातली माझी सगळ्यात आवडती मालिका तीच, आणि तिचा एकही भाग मी कधी पाहिलेला नव्हता.

पाहायचीस तू. रविवारी सकाळी कनेरगाव नाक्यावरच्या खतदुकानदाराच्या घरी तू भांडी घासायला जायचीस. मधलं दार उघडं असलं की मोरीतून त्यांचा टीव्ही दिसायचा. त्या दिवशी तुझे हात इतके सावकाश चालत, की मालकीण म्हणायची, ‘बाई, आमच्या पातेल्याला भोक पडंल आता.’ तिला घरात रांगतं लेकरू चालत नसे, म्हणून धाकटीला घेऊन मी घरीच थांबायचे. मला मालिका मिळायची ती सोमवारपासून, कापसाच्या रानात, तुम्ही बायका निंदायला जात होतात तिथे. सकाळची शाळा सुटली की मी यायचे, बाभळीला बांधलेली धाकटीची झोळी हलवत बसायचे आणि ऐकायचे. तू मुद्दाम मधली ओळ धरलेली, दोन्हीकडे ऐकू जावं म्हणून. सगळ्या वाकलेल्या, खुरपी चालू, आणि तुझा तो वर न चढणारा, एका पट्टीतला आवाज.

राजाची लेक आजारी आहे. औषध सात डोंगरांपलीकडे. ते आणायला स्वार निघाला आहे. त्याची घोडी तांबडी, आणि तिचं शिंगरू मागे राजाच्या पागेत राहिलं आहे. घोडी पळते चांगली, पण दर वळणावर मान मागे करते. स्वार रोज एका गावात उतरतो, कुणाच्या तरी ओट्यावर टेकतो. घरची बाई आधी घोडीपुढे पाणी ठेवते, मग त्याला विचारते, जेवलास का. ताटात काय वाढलं तेही तू सांगतेस. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, वरून तेल. ‘तेल लई वाढलं वं तिनं,’ शेजारच्या ओळीतून मोठीमाय, तुझी थोरली जाऊ, म्हणते. ‘घरचं बरं दिसते.’ बांधावरून मुकादम ओरडतो की बायांनो, तोंडं कमी चालवा. आणि जरा वेळाने तोच जवळ येऊन उभा राहतो. ‘हं, मंग? नदी उतरला का तो?’ अर्ध्या तासाचा भाग शनिवारपर्यंत पुरायचा. याचं मला तेव्हा नवल वाटलं नाही.

एकदा मी विचारलं होतं, ‘माय, तिला शिंगरू एवढं आठवते तं ती परत काहून जात न्हाई?’ तू मान वर केली नाहीस. खुरपं तेवढं थांबलं. ‘लगाम तिच्या हातात हाय का?’ असं म्हणालीस, फटकारल्यासारखं. मग झपाझप निंदत पुढे निघून गेलीस. मला वाटलं, मी काहीतरी वाईट विचारलं.

मालिका संपायच्या आतच दुकानदाराचं बिऱ्हाड वाशिमला गेलं, टीव्हीसकट. स्वाराला औषध मिळालं होतं, परतीचा रस्ता तेवढा राहिला होता. बायका तुझ्या मागेच लागल्या. ‘सांग की वं, घोडी घरी आली का न्हाई?’ ‘म्या पाहिलंच न्हाई तं काय सांगू?’ ‘असंच सांग.’ ‘असंच कसं सांगू? खोटं बोलू का?’ तू हे इतक्या गंभीरपणे म्हणायचीस, की आता आठवलं तरी मला हसू येतं. पुढच्या जूनमध्ये तू मला हिंगोलीच्या वसतिगृहात ठेवलंस. महिन्या-दोन महिन्यांनी यायचीस, फडक्यात बांधलेले धपाटे घेऊन. फाटकाशी मी धपाट्यांच्या आधी विचारायचे, ‘घोडी पोचली का?’ आणि तू पदराने माझं तोंड पुसत म्हणायचीस, ‘येऊन राहिली. वाटंतच हाय.’ मी मोठी झाले, डी.एड.ला गेले, तरी थट्टेने विचारत राहिले, आणि तुझं उत्तर तेच राहिलं. मग तू गेलीस.

म्हणजे बघ, त्या दिवशी मोबाइल हातात घेतला तेव्हा मला खेळायचं नव्हतंच. मला फक्त घोडी घरी येताना पाहायची होती. पण काय तो गेम, माय. काळा घोडा. होय, घोडाच. तो पळतो, वाटेतले हिरे गोळा करतो, मध्येच साबणाची जाहिरात येते, पुन्हा पळतो. नदीत पडला की मरतो आणि लगेच काठावर उभा राहतो, अंगावर थेंबही नाही. गावं येतात, पण सगळी दारं बंद, ओट्यावर माणूस नाही. एका गावात मला वाटलं, इथे थांबू. सगळीकडे बोट दाबून पाहिलं आणि शेवटी पोरीला विचारलं, ‘उतरायचं बटण कुठंय?’ ती म्हणाली, ‘उतरता येत नाही आई. पळायचंच असतं.’ तरी मी चार संध्याकाळी नेटाने पळत राहिले. राजवाडा आला. सोन्याचा पाऊस पडला, अभिनंदन म्हणून मोठी अक्षरं आली, आणि संपलं. पागा नव्हतीच त्यात. मी इतकी चिडले, की ज्यांनी हा गेम केला त्यांनी मालिका नीट पाहिलेलीच नाही, असं दोनतीनदा मोठ्याने म्हणाले.

‘थांब,’ पोरगी म्हणाली, ‘जुने भाग असतील नेटवर.’ होते. आम्ही दोघी पलंगावर भिंतीला टेकून पाहायला बसलो. स्वाराला पाहून मला आनंद झाला, तू सांगितलास तसाच होता, गालावर तीळ सुद्धा. पण घोडा काळा. पागेत कुणी मागे राहिलेलं नाही. आणि पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत तो माणूस कुणाच्या घरी उतरत नाही, एक घास खात नाही. गेमवाल्यांचं काही चुकलं नव्हतं. ‘आई,’ पोरीने हळूच विचारलं, ‘शिंगरू कुठंय?’ मी पहिला भाग पुन्हा लावला. थोडा वेळ मला तुझा रागही आला. एवढी वर्षं मी ज्याची वाट पाहत होते ते कुठे नव्हतंच, असं वाटलं.

म्हणून रविवारी गावाकडे जाऊन आले. मोठीमाय आता डोळ्यांनी अधू झाली आहे, पण तोंड तेच आहे. मी विचारलं, ‘माय मनानंच सांगायची, हे तुला माहीत होतं का?’ तिला हसता हसता ठसका लागला. ‘अगं, टीव्हीतलं मंगळवारीच सरायचं. बुधवारपासून तुझी माय सुरू व्हायची. समद्याइला ठाऊक होतं. तुलाच तेवढं न्हवतं.’ ‘मग शेवट काहून न्हाई सांगितला? एवढं समदं मनानं सांगितलं, तेवढंच काहून राहिलं?’ ती हसायची थांबली. लुगड्याच्या पदराने डोळे पुसून म्हणाली, ‘म्या बी इचारलं होतं तिला. म्हणली, पोरगी वसतिगृहात ठेवायची हाय, जाऊबाई. घोडी घरी आली असं आयकलं का हे लेकरू बी दप्तर घेऊन मागं येईल. आन आली न्हाई म्हणावं तं तिथं रडत बसंल. राहू दे तिला वाटंतच.’

परतताना एसटीत खिडकीपाशी बसून मी हे मनात घोळवत होते. मला वाटायचं, ती घोडी म्हणजे तू. शिंगरू म्हणजे आम्ही, रविवारी घरी कोंडलेल्या दोघी. असेलही सुरुवातीला. पण त्या जूनपासून वाटेवर मी होते, आणि मागे राहिलेली तू होतीस. दर खेपेला फाटकाशी उभी राहून तू मला तेच सांगत होतीस, चालत राहा. तुला किती वाटलं असेल, सांगून टाकावं, घोडी आली म्हणून. माझं तोंड पुसणारा तो पदर किती वेळ हलत राहायचा, ते आता आठवतं.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून एक सांगते. काल पोरीच्या बॅगा भरताना तिने विचारलं, ‘आजीने शेवट सांगितला नाही, तर तू सांग ना.’ तुझं उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. तेच द्यायला हवं होतं, मला कळत होतं. तिला चार वर्षं शिकायचंय, पुढे अजून लांबही जाईल. पण मी हातातली चादर घडी घालायची सोडून म्हटलं, ‘घोडी आली. दिवस मावळताना आली. पागेचं दार उघडंच ठेवलं होतं.’

ती माझ्याकडे बघत राहिली. ‘हे तू आत्ता बनवलंस.’

‘नाही,’ मी म्हटलं, ‘मी पाहिलंय.’