सातवी पायरी आणि तुझा खेळ

चि. खुडबुड हिला काकाचे पोतंभर आशीर्वाद.

आम्ही दोघं मजेत आहोत. माझा रक्तदाब आणि तुझ्या काकूचा आवाज दोन्ही जरा वर असतात, पण त्याला या वयात मजेतच म्हणायचं. तू दिवसभर पडद्यासमोर बसतेस, तेव्हा डोळ्यांची काळजी घे आणि चष्मा मात्र तुझ्या बाबांच्याच दुकानातून कर. माणूस कसाही असला तरी काचा चोख घासतो. (दादा कसा आहे हे मी विचारत नाही. त्या शिडीपायी दोन वर्षं आमचं बोलणं बंद आहे, हे तुला माहीत आहेच. त्याचा डावा गुडघा कसा आहे तेवढं कळव. गुडघ्याशी माझं भांडण नाही.)

तू तीन वर्षं खपून केलेला खेळ मिळाला. शहरभर मोकळं भटकायचं आणि खिशातल्या मोबाइलने दिसेल ते हॅक करायचं, असा तो खेळ. मी एकतीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर काढली, म्हणून गुणदोष मीच सांगावेत, तेही भीड न ठेवता, असं तू लिहिलंस. तेव्हा आता वाचून नाक ओढत बसायचं नाही.

आधी गुण. शहर झकास झालंय. भाजीवालीच्या ताडपत्रीला ठिगळ आहे, न्हाव्याच्या खुर्चीचा एक हात सैल आहे, आणि कुठल्याही गल्लीत शिरलं तरी कुणी 'काय काम आहे?' म्हणून विचारत नाही. पहिले तीन दिवस मी काहीच हॅक केलं नाही, नुसता फिरलो. लाल सिग्नलला थांबायचो. तुझा नायक नाकापर्यंत मफलर ओढून मुकाट उभा, आणि मागे गाड्यांचे भोंगे. तुझी काकू म्हणाली, "खऱ्या रस्त्यावर कधी थांबला नाहीत ते!" दुपारी जेवणं झाली की तीही आता शेजारी बसते आणि बघता बघता, मी चुकलो की, माझ्या माहेरचा उद्धार करते. (पुरुषालाही माहेर असतं, हे मला या खेळामुळे कळलं.)

आता दोष. गाड्या ओल्या साबणावरून चालल्यासारख्या घसरतात. नायकाचं पहिल्याच प्रसंगात वाईट झालं हे मान्य, पण चाळीस तासांत माणसाने एकदा तरी हसावं. सिग्नल बदलायचा, पूल उचलायचा, फाटक उघडायचं, सगळं एकाच बटणाने! आम्हाला एक फोन चालू करायला तीन कागद, दोन सह्या आणि घरमालकाचं एक कुत्रं आवरावं लागायचं. शिवाय प्रत्येक मनोऱ्यावर नळ्या जुळवण्याचं तेच कोडं. तिसऱ्यांदा गंमत वाटली, तेराव्यांदा मी सवयीने हजेरीवर सही करायला पेन शोधलं. आणि रस्त्यावरच्या डब्यातल्या सगळ्या तारा लाल? खुडबुडे, तुझा काका जिवंत असताना?

पण सगळ्यात मोठा गुण आणि सगळ्यात मोठा दोष एकच आहे. समोरच्यावर मोबाइल रोखला की त्याचं गुपित एका ओळीत दिसतं. 'शेजाऱ्याच्या कुत्र्याशी बोलतो, शेजाऱ्याशी नाही.' 'वजन कमी करतोय. खिशात बिस्किटं.' (ही दोन मी वाचली नाहीत, काकूने स्वतः मोबाइल रोखून वाचून दाखवली.) लाइन तपासताना आमच्याही कानावर लोकांचं बोलणं पडायचं, पण आमचा नियम होता, खांबावरचं खांबावर. खाली उतरताना कान झटकून उतरायचं. त्यामुळे मी मोबाइल कुणावर रोखलाच नाही, आणि तुझा खेळ मला अजून 'नवशिका' म्हणतो.

मागच्या सोमवारी काकूने चहाचा कप हातात दिला आणि माझा अंगठा चुकून बटणावर पडला. समोर चष्म्याचं दुकान. दारात एक माणूस शर्टाच्या टोकाने काच पुसत, डाव्या गुडघ्यात जरा वाकलेला. त्याच्या डोक्यावर ओळ आली, 'भावाची शिडी याच्याच वजनाने मोडली. कबूल करायला लाज वाटते.' आणि भिंतीला शिडी टेकलेली, तिला सातवी पायरी नाही!

चहा सतरंजीवर गेला. दुकानाची पाटी लावायला दादाने माझी शिडी नेली आणि सातव्या पायरीशिवाय परत आणली, वर म्हणाला, ती आधीपासूनच नव्हती. चार गिऱ्हाइकांसमोर त्याने मला पायरीने वागायला सांगितलं, आणि मी म्हटलं, आधी पायरी दे, मग वागतो. तिथे जे बिनसलं ते बिनसलंच. दोन वर्षं मी याच एका कबुलीची वाट पाहत होतो. घरभर नाचलो. मग आठवलं, खांबावरचं खांबावर. हातात हुकमाचं पान, आणि खेळायची बंदी! तीन दिवस पोटात ठेवलं आणि अन्न गोड लागेना. खरं सांगू? जिंकल्याचा आनंद सांगायला मला दादाच हवा होता.

गुरुवारी चष्म्याच्या दांडीचा स्क्रू ढिला आहे असं सांगून दादाच्या दुकानात गेलो. त्याने स्क्रू आवळला. मी वरच्या पाटीकडे बघत म्हटलं, "शिडी तशी जुनीच होती." तो शर्टाच्या टोकाने काच पुसत म्हणाला, "बस. चहा सांगतो." एवढंच झालं. पत्राची सुरुवात त्याआधीची आहे; गुडघा मी स्वतः विचारला, तू आता कळवू नकोस.

तर खेळाला दहापैकी सात.

तुझा,
नवशिका काका

ता. क. १ : तारांचे रंग मागच्या पानावर लिहिले आहेत. काकूने किराण्याची यादीही तिथेच लिहिली आहे, ती गाळून वाच.

ता. क. २ : खरं काम हे. लेकीने तीन वर्षं काय केलं ते बघायला दादा पुढच्या रविवारी इथे खेळायला येतोय. तुम्ही म्हणे घरबसल्या खेळ दुरुस्त करून पाठवता. तेवढी त्या चष्मेवाल्याची ओळ त्याआधी बदल. 'काचा चोख घासतो' असं घाल. त्याची लाज त्याच्याच मुलीने चारचौघांत मांडू नये.

ता. क. ३ : पाकीट पुन्हा फोडलं. खेळातल्या त्या दुकानासमोरच्या खांबावर एक पोट सुटलेला लाइनमन आहे, हे आज दिसलं. स्वतःवर रोखायला नियमाची आडकाठी नाही, म्हणून रोखला. 'पायरी ढिली होती हे याला माहीत होतं. खिळा मारायचा राहून गेला.' हे मी जगात फक्त तुझ्या काकूला सांगितलं होतं, आणि ती काही कधी खांबावर चढलेली नाही. म्हणजे गुणदोष मागवणं हे तुम्हा दोघींचं निमित्तच होतं म्हण की! असो. ही ओळ मात्र बदलू नकोस. रविवारी दादाचा अंगठा मीच त्या बटणावर ठेवणार आहे.