फुटाण्याला शांतता सोसत नाही

२१ मार्च १९५८

बाबांनी घोड्याचं शिंगरू आणलं! हिंगणघाटच्या टांगेवाल्यानं नको म्हणून काढून टाकलेलं — तीन वर्षांचं, तांबूस आणि महाभित्रं. अंगावर माशी बसली तरी गरम वाळूतल्या फुटाण्यासारखं उडतं. नाव फुटाण्याच ठेवलं. प्रेमदास म्हणाला, "याच्यावर बसून मी लग्नाले जाऊ का दवाखान्यात?"

मे महिन्यात या माझ्या भावाचं लग्न. नवरी वडनेरची. बाबांचा एकच हट्ट — नवरदेव घोड्यावर बसून भर पेठेतून वेशीपर्यंत जाईल, मग पुढे खुशाल बैलबंडीत बसावा. आमच्या वस्तीतला कोणी आजवर असा गेलेला नाही. गावात घोडा पेठेतल्या एकट्या किसनरावांकडे. बाबा मागायला गेले तर म्हणाले, "धर्म बदलला म्हणून काय पेठ तुमची झाली, हरिदास?" बाबांनी थेट हिंगणघाट गाठलं.

लग्न झालं की शिंगरू विकणार आहेत. विकोत. मला काय!

२५ मार्च

मला काय म्हटलं खरं. पण ते फक्त माझ्याच हातचा गूळ खातं. प्रेमदासचा गूळ हुंगतं आणि तोंड फिरवतं. हुशार आहे.

२ एप्रिल

रोज सकाळी नाल्याकाठी फिरवते. आधी पाठीवर रिकामं पोतं टाकलं, मग थोडी वाळू भरून. आज भरलं पोतं घेऊन मुकाट चालला. तानाआत्या बांधावरून ओरडली, "पोरीच्या जातीनं घोडा काऊन शिकवावा वं?"

घोड्याची काही हरकत दिसत नाही, असं सांगितलं. आत्या दिवसभर बोलली नाही. बरं झालं.

९ एप्रिल

वरातीत गलका असतो, त्याची सवय हवी. म्हणून चिंधूकाकांकडे गेले. पंचक्रोशीत त्यांच्यासारखं डफडं कोणी वाजवत नसे. बुद्धाचा धर्म घेतला त्या दिवशी डफडं खुंटीला टांगलं, ते टांगलंच. मला वाटलं हाकलून देतील. उठून डफड्यावरची धूळ पुसली. मग म्हणाले, "मानसांसाठी नाई वाजवत. घोड्यासाठी वाजवतो."

पहिल्याच थापेला फुटाण्या दावं तोडून नाल्यात! काका पोट धरून हसले. मीही.

१६ एप्रिल

काका वाजवतात, मी रॉकेलचा डबा बडवते, प्रेमदास थाळी. फुटाण्या डोळे मिटून डुलक्या घेतो. शेजारीपाजारी मात्र आमच्यावर खार खाऊन आहेत.

२० एप्रिल

फजिती! आज वंदनेला सगळे अंगणात जमले. प्रेमदासला मिरवायची हौस — घोड्यावर बसूनच आला. वंदना होईपर्यंत ठीक. ती संपली, सगळे डोळे मिटून गप्प बसले — आणि फुटाण्याचे कान ताठ. अंग थरथरायला लागलं. पुढच्या क्षणी नवरदेव कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या ढिगात.

आम्ही त्याला आवाजाची इतकी सवय लावली की आता त्याला शांततेची भीती वाटते. शहाणे आम्ही!

२१ एप्रिल

मी म्हटलं, मग वरातीपुढे डफडं वाजवू. काका एकदम कडाडले, "जनमभर लोकाइच्या वरातीपुढं मान खाली घालून वाजवलं. आपल्या वरातीपुढं कोनीच तसं चालनार नाई." बाबा म्हणाले, बरोबर आहे. डफडं नाही, बाजा नाही.

मला रडू आलं. फुटाण्यानं पेठेत प्रेमदासला पाडलं तर सारं गाव वर्षभर हसेल. आणि बाबा पुन्हा कधी मान वर करणार नाहीत.

२६ एप्रिल

सापडलं! आज रागाच्या भरात फुटाण्याला नाल्यापासून घरापर्यंत सारखी बोलत आले — आळशी काय, कृतघ्न काय. लेकरू शहाण्यासारखं चाललं. त्याला नुसता कुणाचा तरी आवाज हवा! म्हणजे वरातीत लगाम मीच धरायचा आणि बोलत राहायचं.

एवढं बोलायचं काय? पाढे म्हणायचे ठरलं. प्रेमदास म्हणतो, बहिणीला बोलायला विषय कमी पडला, हे जगात पहिल्यांदाच घडलं.

३ मे

उद्या वरात. मला घास उतरत नाही. फुटाण्याला माझ्या वाटचीही भाकर उतरली.

५ मे

काल लिहायला बसले आणि तशीच झोपले. आज नीट लिहिते.

वस्तीतून निघालो तेव्हा हसणं-बोलणं चालू होतं. पेठेत वळलो आणि सगळं थांबलं. दोन्ही बाजूंनी ओट्यांवर माणसं. कोणी अडवलं नाही, कोणी बोललंही नाही. नुसतं बघत होती. आमचीही माणसं गप्प झाली. इतकी शांतता मी भर दुपारीही ऐकली नव्हती.

फुटाण्याचे कान ताठ झाले. मी बेचा पाढा सुरू केला. दहा झाले, बारा झाले. किसनरावांच्या घरासमोर तेरा लागला. तेरा पाचे पासष्ट, तेरा सक अठ्ठ्याहत्तर, तेरा साते... पुढचं आठवेना. तेरा साते, तेरा साते! फुटाण्या थांबला. पाठीवरची कातडी थरारली. प्रेमदासनं आयाळ घट्ट धरली.

"एक्क्याण्णव."

किसनरावांच्या ओट्यावरून पद्मा बोलली, त्यांची धाकटी. चौथीपर्यंत माझ्या वर्गात होती, पाढ्यांत कायम माझ्या पुढे. किसनरावांनी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. तिनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. "तेरा आठे चारोदरशे," म्हणाली, मोठ्यानं. ओट्यांवरची शाळकरी पोरं तिच्यामागे ओरडायला लागली. त्यांना काय, पाढा तो पाढा! फुटाण्या डुलत निघाला. वेशीपर्यंत पंचविसाचा पाढा झाला.

बाबा सगळ्यांच्या पुढे चालत होते. डोळे पुसत होते, पण मान खाली नव्हती. मला फार फार आनंद झाला.

९ मे

किसनराव आमच्या दारात! पद्माचं लग्न तोंडावर आलंय, त्यांचा घोडा लंगडतोय, नवरदेवासाठी फुटाण्या हवा. बाबा बसल्या जागेवरून म्हणाले, "मी कोन देनारा? घोडा सुलोचनेचा हाय. तिले इचारा."

किसनराव माझ्याकडे वळले. "सुलोचनाबाई," म्हणाले, "घोडा देता का?"

मी मागे वळून पाहिलं, कोण बाई आली म्हणून.