सगळ्यांचं होईस्तोवर

खरवई, बदलापूरजवळ
२२ नोव्हेंबर १९५९

प्रिय गुरुदत्त,

“इथलं पान हलवायचं असेल, तर दिल्लीत जाऊन बसायला हवं, मालू,” असं तू म्हणाला होतास. त्याला दहा वर्षं झाली. आपण कॅम्पातून अंबरनाथ स्टेशनकडे चाललो होतो. काडेपेटीच्या कारखान्याचा उग्र वास वाऱ्यावर होता आणि तुझ्या अंगठ्याला माझ्या रुमालाची पट्टी होती.

उल्हासनगर हे नाव तेव्हा नवंकोरं होतं, आपण आपले कॅम्पच म्हणायचो. मी सिंधमधून आलेल्या मुलांना शिकवायची, तू कॅम्पच्या कचेरीत कारकून. हेमीबाईच्या बराकीवरचा पत्रा वाऱ्याने उडाला होता. नवे पत्रे गोदामात रचलेले होते, तुझ्या टेबलावरून दिसायचे सुद्धा. पण मंजुरी दिल्लीची लागायची. तू कागदांमागून कागद पाठवायचास आणि हेमीबाई रोज खिडकीशी येऊन विचारायची, “साईं, तेरी दिल्ली में एक कौआ भी नहीं है क्या, जो जवाब ले आए?” शेवटी एका रविवारी तू पत्रा उचललास. मी शिडी धरली. वर चढून तू पहिलीच हातोडी अंगठ्यावर मारून घेतलीस, मी घाबरून वर बघायला लागले, तर हेमीबाई ओरडली, “मास्तरनी, शिडी को देख, साईं को मत देख!” अख्खी बराक हसली होती. मी इतकी लाजले की शिडी सोडूनच दिली असती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तुला चांगलंच झापलं. त्या संध्याकाळी तू ते वाक्य बोललास. मला ते पटलं होतं, म्हणून मी तुला थांबवलं नाही. दिल्लीहून तुझी पत्रं यायची. दिवाळीत बघू, बदलीचं बघतो आहे, साहेब सुट्टीवरून आले की बघू. तुझ्या लग्नाची बातमी मात्र तुझ्या आत्याकडून कळली. नीलिमा मनाने फार चांगली आहे असं त्या सांगत होत्या, आणि मला ते ऐकून बरं वाटलं, खरंच.

आता इथली हकिकत. नव्या कायद्याने खरवईला ग्रामपंचायत आली. कोंडाजीकाका सरपंच झाले. बायकांच्या जागांवर एक मी आणि दुसरी ठाकूरवाडीची नवसी. पहिल्याच बैठकीत विहिरीला कठडा बांधायचा विषय निघाला. काका सवयीने म्हणाले, “मग अर्ज कुणाकडं करायचा?” ग्रामसेवक म्हणाला, “तुमच्याचकडं.” काका कितीतरी वेळ इकडेतिकडे बघत राहिले, जणू मागे कुणीतरी साहेब उभा असेल. मला तेव्हा तुझी फार आठवण आली. तू असतास तर पोट धरून हसला असतास.

पुढच्या बैठकीत विषय ठाकूरवाडीच्या रस्त्याचा. पावसाळ्यात ओढा भरला की वाडी तुटते, हे तुला मी काय सांगावं. आजारी माणसाला झोळीत घालून आणतात आणि पाणी उतरेपर्यंत काठावर बसतात. यंदा श्रावणात नवसीच्या जावेला असंच आणलं होतं. बाई वाचली, मूल नाही. ओढ्याला वळसा घालून रस्ता काढायचा, तर तो तुझ्या वडिलांच्या वरकस माळातूनच जातो. तिथे गवताशिवाय काही होत नाही, पण जागा आता तुझी आहे.

मतं घेतली. दोघे सोडून सगळ्यांचे हात वर झाले. ग्रामसेवक म्हणाला, बहुमत झालं, जागा रीतसर घेता येईल. सगळे उठायला लागले, पण नवसी उठेना. तिच्याबरोबर वाडीतला म्हातारा गोमा आला होता, तोही हलेना. नवसी म्हणाली, “आमच्यात हात मोजीत नाय. सगळ्यांचा होय होत नाय तवर कुनी उठत नाय.” लोक हसले. काका म्हणाले, “अगं, रस्ता तुझ्याच वाडीला जातोय ना?” पण ती बसली, म्हणून आम्हीही बसलो. दुपार झाली, कुणीतरी भाकऱ्या आणल्या, भांडणं झाली, जुनी उणीदुणी निघाली, आणि सूर्य कलता कलता हात वर न केलेले ते दोघेही हो म्हणाले. मग गोमाने विचारलं, “नि ज्याची जागा हाय, तो कुठं हाय?”

रस्त्याला जागा द्याल का, असं पंचायतीने तुला आधीच पत्राने विचारलं होतं; त्याला तू पाठवलेलं उत्तर मीच वाचून दाखवलं. “प्रकरण विचाराधीन आहे.” गोमाला ते दोनदा समजावून सांगावं लागलं. मग तो म्हणाला, “म्हंजी त्याचा होय बी नाय नि नाय बी नाय. मंग आमी उठायचा कवा?” काका चिडले, म्हणाले, कायदा आपल्या बाजूने आहे, घेऊन टाकू. तर नवसी म्हणाली, “तसाच घेतला, त आपल्यात नि आमची रानं घेनाऱ्या जंगलच्या सायबात फरक काय?” काम अडलं आहे. पावसाच्या आत रस्ता झाला नाही, तर पुन्हा झोळी आणि पुन्हा तो काठ.

हे पत्र पंचायतीचं नाही, माझं आहे. गोमाचं बोलणं ऐकून सगळे हसले, मला हसता आलं नाही. तू मलाही कधी नाही म्हणाला नाहीस, गुरू. तसं म्हणाला असतास, तर मी रडले असते आणि उठले असते. पौषातल्या पौर्णिमेला देवळाच्या ओट्यावर पुन्हा सगळे बसणार आहेत. तू ये. नीलिमालाही घेऊन ये, तिला आपलं गाव दाखव. जागा दे असं मी म्हणत नाही. द्यायची नसेल तर नवसीकडे बघून, सगळ्यांसमोर, तुझ्या तोंडाने नाही म्हण. टपालाने पाठवू नकोस. तू येणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. तरीही ये.

तुझीच,
मालिनी