चार नंबरची हजेरी

६ जानेवारी २०२५, सोमवार

लागली एकदाची नोकरी! केशोरीच्या बियाणे संस्थेत कॉम्प्युटर ऑपरेटर, कुमारी ओमेश्वरी पटले. तीन महिने बघतील, मग कायम. निघताना आईने हातावर दही ठेवलं, डोळे पुसले, आणि लगेच विचारलं की पहिल्या पगारात पंखा घेशील का. टिंकूने, म्हणजे माझ्या धाकट्या भावाने, स्कूटी टेम्पोत चढवून नागऱ्याहून इथवर आणून दिली.

राहायला मावशीकडे आहे. तिच्या गावाहून ऑफिस आठ किलोमीटर, रस्ता कालव्याच्या पाळीने. उन्हाळी धानाला पाणी सुटलंय, बांध्यांमध्ये रोवणी सुरू आहे, बाया वाकलेल्या वाकलेल्याच गाणं म्हणतात. मला तर वाटलं फिरायलाच आले.

ऑफिस म्हणजे दोन खोल्या. शेतकरी बियाण्याचा नमुना आणून देतात, शंभर दाणे ओल्या कागदात ठेवायचे, किती उगवले ते बघायचं आणि तसं पत्र द्यायचं. माणसं तीन. व्यवस्थापक दुलीचंद साहेब, गोंदियाहून रोज येतात, अर्धं हिंदी बोलतात. सुशिलाबाई टायपिंगवाल्या, पन्नाशीच्या, अंगाने भरलेल्या, कपाळावर आठी. सेवकराम काका शिपाई. सुशिलाबाईंनी पहिलाच प्रश्न केला की लग्न काऊन नाही झालं अजून. मी म्हटलं, ते त्या मुलाला विचारा, मला तर तो भेटलाच नाही. सेवकराम काका हसले. बाई नाही हसल्या.

८ जानेवारी, बुधवार

आज हजेरीच्या मशीनवर माझं बोट घेतलं. काय डोकं आहे या लोकांचं! मशीन दारातच आहे, बोट ठेवलं की फोनवर मेसेज येतो, ‘आपण हजर आहात’. दहाच्या पुढे ठेवलं तर अर्धा दिवस गेला. आता साहेबांची गाडी रोज लेट. मग यांनी जुगाड काढलं. एकाची बोटं दहा, मशीनला काय कळतं कोणाची? साहेबांच्या नावावर सुशिलाबाईंची करंगळी चढवलेली आहे. सुशिलाबाईंच्या नावावर सेवकराम काकांचं मधलं बोट. आधी येईल त्याने सगळ्यांची हजेरी लावून टाकायची.

माझा अंगठा माझ्या नावावर घेतला. वर सुशिलाबाईंच्या डाव्या हाताचं एक बोटही माझ्या नावावर चढवलं, कधी उशीर झाला तर कामी येईल म्हणून. मी पण माझी दोन बोटं देऊन टाकली. चुकीचं आहे, कळतं मला. पण नव्या माणसाने पहिल्याच आठवड्यात शहाणपण शिकवायचं नसतं. माझा नंबर पाच. चार नंबर कोणाचा, विचारलं तर साहेब म्हणाले, छोडो, पुराना आदमी था.

१३ जानेवारी, सोमवार

सुशिलाबाईंचा कॉम्प्युटर बिघडला. बिघडला म्हणजे वर्षभरापासून तसाच आहे म्हणे, पण त्यांनी कोणाला हात लावू दिला नव्हता. आज साहेबांनीच मला पिटाळलं, कारण एका शेतकऱ्याने पत्र परत आणलं. पत्रात लिहिलं होतं, आपल्या नमुन्याचे शंभरपैकी ब्याऐंशी दाणे उगवले, मी आज आलो नाही, तरी पेरणीस हरकत नाही.

मी हसत सुटले. सुशिलाबाई इतक्या भडकल्या की विचारू नका. दोन दिवसांची पोट्टी मले शिकवून राहिली म्हणाल्या. मी मनात म्हटलं, आठवडा झाला, दोन दिवस नाही.

व्हायरस शोधला, नाही सापडला. कीबोर्ड उपडा करून झाडला, धानाचे तूस निघाले मूठभर. जुनी पत्रं उघडून पाहिली. चौदा महिन्यांपासूनच्या जवळजवळ प्रत्येक पत्रात कुठे ना कुठे तेच. मी आज आलो नाही. सुशिलाबाई प्रत्येक पत्रातून ते खोडत होत्या आणि एखादं निसटून जात होतं. कोणीतरी खोड्या केल्यात, शोधून काढते. मशीन माझ्यापुढे किती दिवस नखरे करेल?

१५ जानेवारी, बुधवार

नखरे करून राहिली आहे मशीन. कीबोर्ड नवा लावला. तेच. माझा आख्खा कॉम्प्युटर त्यांच्या टेबलावर ठेवला आणि त्यांचा माझ्याकडे आणला. त्यांचा माझ्याकडे गुण्यागोविंदाने चालतो. माझा त्यांच्याकडे लिहितो, मी आज आलो नाही.

काल संक्रांत होती. मावशीने दिलेले तिळाचे लाडू डब्यात नेले. सुशिलाबाईंनी घेतला नाही. त्यांनी नळाखाली हात धरला होता, बराच वेळ, या थंडीत.

१७ जानेवारी, शुक्रवार

बिघाड सापडला. लिहिताना मला माझीच लाज वाटते, पण सापडला.

सुशिलाबाई दोनच बोटांनी टाइप करतात, दोन्ही हातांच्या तर्जन्यांनी. आज मी त्यांच्या मागे उभी राहिले आणि पडद्याकडे न बघता हाताकडे बघितलं. त्या साहेबांशी बोलत होत्या, डावा हात मांडीवर होता. उजव्या हाताचं ते एक बोट एकटंच चाललं होतं. बाकीचा हात मेल्यासारखा पडलेला आणि बोट आपलं शोधत, टोचत, एकेक अक्षर. मी. आज. आलो.

बोट पांढरं आहे, पाण्यात खूप वेळ राहिल्यासारखं सुरकुतलेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पदरात झाकून घेतलं. मग म्हणाल्या की तुले कॉम्प्युटर पाह्यले सांगतलं होतं, माह्या हातावर कायले नजर ठेवून राहिली.

२० जानेवारी, सोमवार

हजेरीची यादी उघडली. चार नंबर, उमेंद्र बिसेन, पद कॉम्प्युटर ऑपरेटर. म्हणजे माझ्याच जागेवरचा. आणि रोज हजर. शनिवारीसुद्धा हजर.

सेवकराम काकांना चहाच्या टपरीवर गाठलं. आधी टाळत होते, मग एकदा सुरू झाले ते थांबेनात. उमेंद्र बिसेन, तीस वर्षांचा, कालव्याच्याच रस्त्याने यायचा. मागच्या नोव्हेंबरच्या आधीच्या नोव्हेंबरात एक दिवस तो आला नाही. उशीर झाला असेल म्हणून सुशिलाबाईंनी त्याच्या नावावर चढवलेलं आपलं बोट लावून टाकलं, उजव्या हाताचं, अंगठ्याच्या शेजारचं. दुपारी त्याची बायको आली, फोन लागत नाही म्हणाली. आता हजेरी तर लागलेली. आला नाही म्हणावं तर सगळ्यांचंच बिंग फुटणार. साहेबांनी सांगितलं, आहे की, इथंच आहे, चहाला गेला असेल. ती बिचारी खुशीत घरी गेली. कोणी शोधलंच नाही त्याला.

दुसऱ्या दिवशी सापडला. कालव्याच्या मोरीत, रस्त्यावरून दिसत नाही अशा जागी, मोटारसायकलखाली पाय अडकलेला. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत जिवंत होता.

मी विचारलं, मग त्यानंतरही हजेरी कोण लावतं? काकांनी कानाला हात लावला. बाई लावत नाही म्हणे. बोट जाते.

२१ जानेवारी, मंगळवार

रात्रभर राग राग झाला. ही माणसं आहेत की कोण? आणि मी यांना हसून माझी बोटं दिली! साहेबांना तोंडावर सांगितलं की हे वर कळवायला पाहिजे. साहेब शांतपणे म्हणाले की मॅडम, आपकी भी दो उंगलियाँ लगी हुई हैं, आणि तीन महिने अजून व्हायचे आहेत.

उमेंद्रचं नाव यादीतून काढायला गेले. काढलं. पुन्हा आलं. पाच वेळा काढलं.

२३ जानेवारी, गुरुवार

मूर्ख, मूर्ख, मूर्ख आहे मी.

सुशिलाबाई आज गोड बोलल्या. मशीनची काच गरम लागून राहिली, पाह्य बरं बाई, म्हणाल्या. माझा उजवा हात धरला. त्यांचा तळवा घामेजलेला. तर्जनी काचेवर टेकवली आणि दाबून धरली, मला हात सोडवता येईना एवढी ताकद. एकदा, दोनदा, तीनदा. पडद्यावर आलं, ‘नंबर चार, उमेंद्र बिसेन, नवे बोट नोंदले.’

काच गरम नव्हती. थंडगार होती. बोटातून वर कोपरापर्यंत गेलं ते.

मी ओरडले. साहेब फाईलमधून वर बघायला तयार नाहीत. सेवकराम काका बाहेर निघून गेले. आणि सुशिलाबाई खुर्चीत बसून रडत होत्या, आपल्या बोटाचे मुके घेत होत्या. मग त्यांनी एक पत्र टाइप केलं. एकही चूक नाही.

तुमचा कॉम्प्युटर सुधारला, सुशिलाबाई. किडे पडोत तुमच्या हाताला.

२४ जानेवारी, शुक्रवार

मी आज आलो नाही.

हे वरचं मी लिहिलेलं नाही. तारीख घातली आणि पेन पुढे गेलं.

बोट पांढरं पडलंय. गरम पाण्यात धरलं, काही कळत नाही. मावशीने हळद लावली, थंडीने झालं असेल म्हणाली. ऑफिसात दोन पत्रं बिघडली. सुशिलाबाईंनी मोठ्याने साहेबांना सांगितलं की नव्या पोरीचं लक्ष नाही कामात.

सकाळी मशीनपाशी मी अंगठा ठेवायला गेले. त्याच्या आधी तर्जनी गेली. मी दुसऱ्या हाताने ओढत होते आणि ती जात होती.

२७ जानेवारी, सोमवार

दोन दिवसांची सुटी झोपून काढली. बोट बांधून ठेवलं, दोऱ्याने, गच्च. आज उठले तर दोरा सुटलेला आणि भिंतीवर ओल्याने लिहिलेलं. शोधा. फक्त तेवढंच. शोधा.

मला रडायला आलं. भीतीने नाही फक्त. तो मोरीत पडून दिवसभर तेच म्हणत असेल.

मी त्याला म्हटलं, मोठ्याने, मी तुझ्या बायकोला सांगते खरं काय ते. मला सोड. बोट काही वेळ हललं नाही. मग माझ्याच हातावर, नखाने, उशीर झाला असं.

रक्त आलं.

२८ जानेवारी, मंगळवार

ठरलं. नोकरी गेली खड्ड्यात. टिंकूला बोलावलं, तो आज मोटारसायकलने मावशीकडे पोचला. उद्या सकाळी ऑफिसात जाते, साहेबांसमोर राजीनामा आपटते, यादीतून माझी सगळी बोटं काढून घेते आणि मग उमेंद्रच्या बायकोकडे. टिंकू म्हणाला, मी येतो सोबत. मी नको म्हटलं. त्याने सामान बांधावं, अकरापर्यंत मी नाही आले तर यावं. भाऊ माझा घाबरला आहे, माझा हात बघून. त्याला बोटाचं सांगितलेलं नाही. कसं सांगू?

जगले वाचले तर शिव्या घालायला परत येईन या लोकांना.

२९ जानेवारी, बुधवार

डाव्या हाताने लिहिते. उजवा लिहू देत नाही.

कालव्याच्या वळणावर बोटाने पुढचा ब्रेक आवळला. मी नाही. बोटाने. सोडवलंच नाही मला—

मोरीत आहे. स्कूटी पायावर. पाणी कमरेपर्यंत, बर्फ. पिशवी गळ्यात होती म्हणून वही. ओरडून ओरडून घसा बसला. पाणी इतकं वाजतं. वरून टेम्पो जातात, थांबत नाहीत.

फोन वर दगडावर पडलाय. दिसतो. हात पुरत नाही.

फोन उजळला. मेसेज. इथून वाचता येतो. ९:५४. आपण हजर आहात.

सुशिलाबाई नका ना—

फोन वाजतोय. टिंकू. पाच वेळा वाजला. सहा.

पायाचं काही कळत नाही आता. उजवं बोट शांत आहे. हाताला चिकटून, झोपल्यासारखं.

मोटारसायकल. टिंकूची आहे, तिचा सायलेन्सर मी ओळखते. मोरीवरच थांबली. तो वर आहे. डोक्यावर. फोनवर बोलतो, मोठमोठ्याने, पाण्यामुळे. ऑफिसात लावलाय फोन.

आवाज निघत नाही. दगडाने स्कूटीवर मारते. पाणी खाऊन टाकतं आवाज.

तो म्हणतो, अच्छा, आली का आमची ताई. वेळेवर आली? कामात आहे, हो हो, राहू द्या, कामातून नका उठवू. हसला. काळजी मिटली त्याची. म्हणाला, सांगा तिला, मी पाचला येतो घ्यायला.

गाडी चालू केली. वळवून राहिला.

टिंकू, अरे खाली बघ, मी आले नाही रे, मी आज आले ना—