परद्यासाठी रिकामा चारमिनार

माय, काल पोरीला घेऊन चारमिनारला जाऊन आले. लाड बाजाराच्या तोंडाशी, तू उभी होतीस तिथेच आम्ही उभ्या राहिलो. गर्दी तीच, बांगड्यांची किणकिण तीच, आणि माझा मेला पाय तिथून निघेना.

बाबांनी मुधोळच्या आपल्या फोटोच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या मागे नवा परदा लावायचं मनावर घेतलं होतं ना, तेव्हाची गोष्ट. जुन्या परद्यावरच्या कमळाच्या तळ्याला गिऱ्हाइकं कंटाळली होती. नव्या जोडप्यांना हैद्राबाद पाहिजे होतं, तेही मुधोळात बसून! म्हणून बाबा चारमिनारचा फोटो काढायला निघाले, त्यावरून परदा रंगवणार म्हणून, आणि आपण दोघी सोबत. जवळच्या बासरला गाडीत चढलीस ती नवं हिरवं लुगडं नेसून, केसांत शेवंती माळून, हातात भाकरी-ठेच्याचा डबा घेऊन. जन्मात पहिल्यांदा हैद्राबाद आणि कॅमेरा घरचाच, मग तू दुसरं काय मनात धरणार? पण बाबांना चारमिनार रिकामा हवा होता. परद्यावरच माणसं असली तर त्यांच्यापुढे गिऱ्हाईक कसं शोभणार? तू कमानीसमोर जाऊन पदर सारखा केलास, तर ते कॅमेऱ्यातून डोकं न काढता म्हणाले, "सरक ना बाजूला. काऊन मधात येऊन राह्यली?"

"एक माहा बी काढा न जी."

"आपलं तं दुकानच हाय. कवा बी काढू."

तू हसलीस आणि बाजूला झालीस. वर बाबांचं काम व्हावं म्हणून रस्त्यात उभी राहून रिक्षावाल्यांना हात आडवा केलास. "जरा ठहरो जी, फोटो निकल रा!" तुझी ती हिंदी ऐकून सायकलवालेसुद्धा थांबले. मी तुझा पदर धरून उभी होते, आणि मला कोण अभिमान वाटला म्हणून सांगू!

परदा झकास झाला. खेड्यापाड्यांतली जोडपी त्याच्यापुढे उभी राहू लागली. नवऱ्या मुलींना पावडर तू लावायचीस, पदर तू सारखा करायचीस, आणि बाबा "रेडी" म्हणाले की झटकन बाजूला. सवयच लागली तुला. स्वतःच्या फोटोचं विचारलंस की बाबांचं ठरलेलं, आज गिऱ्हाईक हाय, उद्या काढू. मग ती मेली कावीळ आली आणि पोळ्याच्या आतच तुला घेऊन गेली.

तू गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धाच्या मूर्तीशेजारी ठेवायला तुझा फोटो नव्हता. फोटोवाल्याच्या घरात! बाबांनी सगळ्या निगेटिव्ह उजेडात धरून पाहिल्या. हैद्राबादच्या एका फोटोत, अगदी कडेला, तुझा आडवा केलेला हात तेवढा निघाला. तोच फोटो मोठा करून, चौकटीत बसवून त्यांनी मांडला. मामा भडकला, "भाऊजी, माही बहीण गेली, अन् तुमी चारमिनार मांडून ठेवला?" बाबा मान खाली घालून म्हणाले, "हाय ना त्याच्यात." पुढे मी बरीच वर्षं बाबांचा राग राग केला, माय. आता त्यांचंच वाईट वाटतं. शेवटपर्यंत ती काच ते रोज धोतराच्या सोग्यानं पुसायचे.

काल पोरगी मोबाईलवर चारमिनारचा फोटो काढत होती. तेवढ्यात एक बाई, हातात डबा, बरोबर मधोमध येऊन उभी राहिली. "आई, तिला बाजूला व्हायला सांग ना," पोरगी वैतागली. मी म्हटलं, "राहू दे. काढ." नंतर तो फोटो मी तिला पुसूही दिला नाही. ती गाडीत बसेपर्यंत फुगून होती.

हा कागद तुझ्या त्या फोटोच्या चौकटीमागे खोचून ठेवते. एक सांगायचं राहिलं. तुझा चेहरा मला आठवत नाही गं, माय. हात आठवतो, शेवंती आठवते, ती हिंदी आठवते. चेहरा आठवायला बसले की कालची ती बाई मधे येते, आणि तिला बाजूला सरक म्हणायला माझी जीभ रेटत नाही.