नावाड्याचे नाव लिहू नये

मी, लाय युए-श्या, दिवंगत फांग शुइ-मु यांची पत्नी, राहणार शिनवेई गाव, च्यायी जिल्हा, हे सर्व माझ्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांबद्दल विचारत नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. असता, तर कोणाचा तेही खाली लिहिले असते.

१. घर मुलगा फांग ची-नान याला द्यावे. पूर्वजांच्या नावाच्या पूजेतल्या पाट्या आहेत तिथेच राहू द्याव्यात. यजमानांच्या फोटोपुढे मी रोज चहा ठेवते आणि गार झाला की पिते. पुढे हे कोणाला जमले नाही तरी चालेल, पण चहा मोरीत ओतू नये.

२. खाडीतल्या, कालवे वाढवायच्या बांबूच्या मांडण्याही ची-नानलाच. तो शहरात असतो, तेव्हा खुशाल भाड्याने द्याव्यात. फक्त वरच्या आळीतल्या शियांगच्या धाकट्याला देऊ नयेत. त्याने आमच्या दोऱ्या कापल्या आणि वादळावर ढकलले. त्या आठवड्यात वारासुद्धा नव्हता.

३. बँकेत जे आहे त्यातून आधी अंत्यविधी करावा, उरेल ते नात यी-त्सेन हिच्या शिक्षणाला. रडणाऱ्या बाया भाड्याने आणू नयेत. यजमान गेले तेव्हा आणल्या होत्या. त्या इतक्या सुरेख रडल्या की मला रडायला जागाच उरली नाही. ते रडणे मी अजून थोडे थोडे करते आहे.

४. आता लेखाबद्दल. इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात ‘ओहोटीची फेरी’ या लघुकथेवर लेख आहे. कथा येउ वेन-पिन गुरुजींची. ते गावच्या शाळेत शिकवत, शेजारी राहत आणि जेवायला आमच्याकडे येत. मी शाळेत गेले नाही. ची-नानच्या पहिलीच्या पुस्तकावरून अक्षरे शिकले, आणि सबंध वाचलेली पहिली गोष्ट हीच. ची-नाननेच मला पुढे संगणक शिकवला, तेव्हा हा लेख जेमतेम चार ओळींचा होता आणि त्यात कथा ‘अजरामर’ असल्याचे दोनदा सांगितले होते. मी दोन्ही अजरामर काढले. कथा कोणत्या मासिकात आली ते लिहिले, कथानक आटोपशीर केले, समीक्षक काय म्हणाले ते पानांच्या आकड्यांसकट दिले. यजमान गेल्यावर संध्याकाळ सरत नसे. ती या कामात सरली.

लेख माझा नाही, म्हणून कोणाला देता येत नाही. माझे तिथले खातेही देता येत नाही. लिहायचे असेल त्याने स्वतःचे खाते काढावे. कथा ज्यात पहिल्यांदा आली तो अंक मात्र माझ्याकडे आहे. तो जिल्हा ग्रंथालयाला द्यावा, म्हणजे कोणालाही ताडून पाहता येईल.

५. कथेत एक नावाडी नवरीला बांबूच्या तराफ्यावरून खाडीपार नेत असतो. ओहोटी लागते, तराफा चिखलात बसतो, भरती येईपर्यंत दोघे बोलत राहतात. एवढेच. हे खरोखर घडले होते, आणि नवरी मी होते. मुहूर्त काढणारा डोंगराकडचा होता. त्याने पंचांग पाहिले, पाणी पाहिले नाही. मुहूर्त मोडायची कोणाची छाती नव्हती. गावचे नावाडी म्हणजे माझे धाकटे दीर, हुओ-थान भावोजी. तराफा त्यांचाच. पण ते आदल्या रात्रीच्या दारूने आडवे होते, म्हणून मला न्यायला आलेल्या नवरदेवानेच बांबू हातात घेतला.

चिखलात बसल्यावर मी विचारले, “तुम्हाला पोहता येतं ना?”

ते म्हणाले, “पाणी असलं तर येतं.”

आधीचा होकार माझ्या आईवडिलांचा होता. माझा तिथे झाला.

गुरुजींनी कथेत नवरदेव पलीकडच्या काठावर उभा केला आणि नावाडी परका केला. तो त्यांचा अधिकार.

६. भावोजींच्या मुलाने लेखात घातले की नावाडी म्हणजे त्याचे वडील. पुरावा काही नव्हता. पुढे देवीच्या जत्रेला एका स्थानिक वर्तमानपत्राने ती ओळ लेखातूनच उचलली, आणि पुतण्याने तेच वर्तमानपत्र पुरावा म्हणून तळटीपेत लावले. म्हणजे आधी आपणच सांगायचे आणि ज्याला सांगितले त्यालाच साक्षीदार करायचे. मी तारखा दाखवल्या. ‘तिसऱ्या मजल्यावरचे मांजर’ या नावाने लिहिणाऱ्या संपादकाने ओळ काढली आणि चर्चापानावर मला विचारले:

“मग नावाडी कोण?”

“माझे यजमान.”

“छापील पुरावा?”

“मी स्वतः तराफ्यावर होते.”

“बाई, तुम्ही छापून आलेल्या नाहीत.”

मी संगणक बंद केला आणि टोपलीभर कालवे फोडली. टोपली संपेपर्यंत पटले होते. जो नियम भावोजींना, तोच मला.

ची-नानला पटलेले नाही. तो म्हणतो, “आई, मी छोटी पुस्तिका छापतो. बाबांचं नाव टाकतो, की झाला पुरावा.”

“आणि तुझ्या चुलतभावाने दुसरी छापली म्हणजे?”

“तू गेल्यावर छापीन, मग बोल!”

म्हणून लिहून ठेवते: माझ्यामागे मुलगा, नात, पुतण्या, कोणीही लेखात नावाड्याचे नाव घालू नये. हा कागदही छापू नये. यजमानांचे नाव तिथे दिसावे असे मला रोज वाटते. तरी घालू नये.

७. स्वहस्ते लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत. तरी मी दोघांना बोलावून हे वाचून दाखवले. एक हुओ-थान भावोजी. दुसऱ्या थायनानच्या को पी-यू बाई. चर्चापानावरचे मांजर ते याच, बसने आल्या.

भावोजी म्हणाले, “वहिनी, म्हणजे माझंही नाव नाही आणि दादाचंही नाही?”

“नाही.”

“मग ते दारूचं तरी खोडा.”

“का? खोटं आहे?”

ते को बाईंकडे बघत राहिले. मग म्हणाले, “थेंब घेतला नव्हता. दादा म्हणाला, झोपून राहा, दार उघडू नकोस. लग्नाआधी तुमच्याशी चार शब्द बोलायचे होते त्याला. घरात माणसांच्या गराड्यात कुठलं बोलणं!”

“आणि ओहोटी?”

“वहिनी, खाडीवर जन्मलेला माणूस तो.”

को बाई हळूच म्हणाल्या, “याला छापील पुरावा मी मागणार नाही.”

दुरुस्ती: कलम पाचमधील दारू रद्द समजावी. हुओ-थान भावोजी त्या दिवशी शुद्धीवर होते. कलम सहा तसेच राहील.

वर लिहिलेले सर्व मी वाटून दिले आहे. त्यांना ओहोटी ठाऊक होती, हे मात्र मी कोणाला देत नाही. ते माझ्याबरोबर येईल.

लिहिणार: लाय युए-श्या (सही व शिक्का)
साक्षीदार: फांग हुओ-थान (शिक्का), को पी-यू (सही)
शिनवेई, प्रजासत्ताक वर्ष एकशे तेरा (इ.स. २०२४), अकरावा महिना, आठ तारीख